हिरव्या टबातलं पाणी

आमच्या लातुरात रस्त्यावर पाणी सांडलेलं दिसलं की माणूस थांबतो. कुणाची टाकी भरून वाहतेय, कुणाचा नळ उघडा राहिलाय, हे बघितल्याशिवाय त्याला पुढे जाववत नाही. शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षापासून ही खोड आमच्या अंगात मुरली. पुढे पाऊस बरा झाला, धरण भरलं, तरी ती गेली नाही. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, मधल्या दिवसांत बोरचं खारं पाणी आणि प्यायला जार. आमच्या घरात तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला जातं आणि कपड्यांचं पाणी संडासात. अशा घरासमोर, आमच्याच गाडीखाली, मागच्या श्रावणात एका दुपारी पाण्याचं डबकं साचलेलं दिसलं.

ते मला दिसलं नाही. दिसलं शेजारच्या मावशींना. आमच्या शेजारच्या प्लॉटवर एक इमारत दोन-तीन वर्षांपासून अर्धवट उभी आहे. तिच्या राखणीला मालकानं निलंग्याकडच्या एका बाईंना ठेवलंय. नवरा गेलेला, एक मुलगी, तिचं लग्न झालेलं. मावशी पत्र्याच्या खोलीत एकट्या राहतात. म्हणजे एकट्या नाही, तेव्हा त्यांच्याजवळ एक शेळी होती. काळी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली.

"सर, तुमची गाडी मुतली बगा," मावशी कुंपणावरून ओरडल्या.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. मला कुणी प्रश्न विचारलेला आवडतो आणि उत्तर माहीत असलेलं त्याहून आवडतं. मी पोतं अंथरून गाडीखाली आडवा झालो. पाणी बोटावर घेतलं, वास घेतला. तेलकट नाही, पेट्रोलचा वास नाही, रंग नाही. मग गाडी सुरू करून एसी लावला आणि पुन्हा खाली जाऊन बघितलं, तर एका बारीक पाइपातून थेंब-थेंब पाणी पडत होतं. एसी बंद केल्यावर थेंब थांबले. झालं, माझं प्रमेय सिद्ध! मी कपडे झाडत उठलो आणि मावशींना थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तो दाखला देऊन सगळं समजावलं. हवेत वाफ असते, थंड नळीला लागली की तिचं पाणी होतं, ते खाली पडतं.

"म्हंजी हवेतलं पाणी?"

"हो."

"लातूरच्या हवेत पाणी हाय अन नळाला न्हाई!"

मी मनापासून हसलो. मग घरात जाऊन एक प्लास्टिकचा टब आणला आणि गाडीखाली त्या पाइपाच्या बरोबर खाली ठेवला. हे पाणी पावसाच्या पाण्यासारखं असतं, मी सांगितलं, यात क्षार नाहीत, बोरच्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

"शेळीला चालंल?"

"चालेल की. काही होत नाही."

हे वाक्य मी नंतर बरेचदा आठवून पाहिलंय. त्या दिवशी ते शंभर टक्के खरं होतं, आणि माझी सगळी फसगत त्यातच आहे. मी मूर्खपणानं खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं. मी खरं बोललो, आणि एकदा खरं ठरलो म्हणून पुढे डोळे उघडायचे बंद केले. आणखी एक सांगायला हवं. तो टब हिरवा होता.

टबाची रीत पडली. मी कॉलेजातून आलो की गाडी ठरल्या जागी लावायची, टब खाली सरकवायचा आणि एसी घटकाभर चालू ठेवायचा. सकाळी मावशी येऊन पाणी नेत. श्रावण-भादव्यात तांब्या-दीड तांब्या निघे. गल्लीतले लोक थांबून बघत. दोघा-तिघांनी आपापल्या गाडीखालीही डबे लावले आणि मला उगाच कर्तबगारी केल्यासारखं वाटलं. हिवाळ्यात एसी बंद झाला, टब कोरडा पडला. मावशींनी त्यात कडबा ठेवला.

मार्चमध्ये ऊन चढलं, एसी लागला आणि टब पुन्हा गाडीखाली गेला. पुन्हा पाणी येऊ लागलं. शेळी तेव्हा गाभण होती. मावशींच्या लेकीलाही दिवस गेलेले, ती जेठात बाळंतपणाला येणार होती. खोलीची डागडुजी चालली होती, मालकाकडून एक जुनी खाट मिळवून झाली होती. मावशींचा हिशेब साधा होता. लेकीच्या आधी शेळी व्यायची, घरात दूध असायचं. लेक अंगानं किडकिडीत, तिचं दूध पुरेल न पुरेल, मग नातवंडाला शेळीचं दूध तरी हाताशी असावं. शेळी त्यांनी स्वतः करडू असल्यापासून वाढवलेली. दुसऱ्याच्या जागेत, दुसऱ्याच्या पत्र्याखाली राहणाऱ्या त्या बाईचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

आता माझी अक्कल बघा. मी अकरावीला सापेक्ष आर्द्रता शिकवतो. चैत्रात मराठवाड्याची हवा किती कोरडी असते हे दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवतो. ओलं फडकं दोरीवर टाकलं की अर्ध्या तासात कडक होतं, हे उदाहरण माझंच. त्या हवेतून एसीनं काढून काढून किती पाणी काढावं? टबात थेंबभर यायला हवं होतं. येत होतं श्रावणापेक्षा जास्त. आणि मी दाढी करताना खिडकीतून तो टब बघून खूश होत होतो की आपला एसी झकास चाललाय.

एका रविवारी बायको म्हणाली, "अहो, काल दिवसभर गाडी हलली न्हाई, एसी लावला न्हाई, तरी टबात पाणी कसं?"

"परवाचं उरलं असेल," मी पेपरातून मान न काढता म्हणालो.

"परवाचं मावशी घेऊन गेल्या की."

"मग नीट नेलं नसेल."

आमच्या घरात विज्ञानाचं खातं माझ्याकडे आहे आणि त्याला मी कुणाला हात लावू देत नाही.

मग एकदा मावशीच कौतुकानं सांगू लागल्या की शेळीला आता दुसरं पाणी नको झालंय. बोरच्या पाण्याला तोंड लावत नाही, टब दिसला की दावं ओढते. "लई ग्वाड लागायलंय तिला तुमच्या गाडीचं पाणी." यावरही माझ्याकडे उत्तर तयार होतं. बोरचं पाणी जड, हे मृदू, जनावराला फरक कळतो, माणसालाच कळत नाही. हे बोलताना मी टबाशेजारी उभा होतो. पाण्यावर अगदी फिकट हिरवी झाक होती. असणारच, टबच हिरवा, त्यातलं पाणी हिरवं दिसणार. तेवढाही विचार मी मनात नीट केला नाही. नजर पडली आणि निघून गेली.

एप्रिलच्या मध्यावर माझ्या बहिणीच्या मुलाचा साखरपुडा निघाला, अर्धापूरला. आदल्या दोन दिवसांत टब चांगला अर्धा-अर्धा भरला होता. शेळी तेवढं पिणार कुठे! मावशी ते पाणी कुठे तरी ओतून नेत होत्या, मी चौकशी केली नाही. बायको माझ्याबरोबर यायची होती, पण नळाचा दिवस नेमका तोच निघाला. आमच्याकडे नळाच्या दिवशी घर सोडून कुणी साखरपुड्याला जात नाही, ते पाहुण्यांनाही कळतं. मी एकटाच सकाळी निघालो. टब रस्त्याच्या कडेला तसाच राहिला, रिकामा.

अहमदपूर मागे पडलं आणि लोह्याच्या अलीकडे गाडीचा तापमानाचा काटा वर चढू लागला. एसीतून गरम हवा यायला लागली. मी काच खाली केली, शिव्या घातल्या आणि तशीच दामटली. कंधारच्या फाट्याजवळ बॉनेटमधून वाफ निघाली तेव्हा थांबलो. नशिबानं समोरच एक गॅरेज होतं. मिस्त्री साठीचा, पांढरी दाढी, बनियन. त्यानं गाडी थंड होऊ दिली, झाकण उघडलं, आत बोट घालून बघितलं.

"कूलंट कुठंय सर? इंजिन थंड ठेवायचं ते हिरवं पाणी? आत काहीच न्हाई."

मग तो खाली शिरला आणि मलाही वाकायला लावलं. "हा बगा हीटरचा पाइप. जॉइंट गेलाय. कडंनं हिरवी खपली धरलीय, म्हंजी महिना-दीड महिन्यापासून गळून राहिलंय, पंपावर वरून भरून घेता म्हून चाललं. तुमाला खाली दिसलं न्हाई?"

"ते एसीचं पाणी होतं," मी म्हणालो.

"एसीचा पाइप ह्यो." त्यानं दोन बोटं अंतरावरच्या नळीत काडी घालून बाहेर काढली. काडीला धूळ लागली होती. "ह्या उनात एसी कुठून काढंल पाणी? हवेत हाय का काही?"

वीस वर्षांची नोकरी त्या काडीच्या टोकाला होती. तेवढंच असतं तर मी घरी येऊन हा किस्सा चारचौघांत स्वतःवर हसत सांगितला असता. पण मिस्त्री पाइप कापता कापता सहज म्हणाला, "घरी खाली जनावर-बिनावर येत असंल तर धुऊन काढा जागा. कूलंट ग्वाड असतंय. जनावर चाटतंय अन जातंय. आमचं कुत्रं असंच गेलं. पयलं झिंगतंय, मग पडून राहतंय, मग संपलंच."

मी टायरच्या चवडीवर बसलो आणि बायकोला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आधी तीच बोलू लागली. मावशींची शेळी सकाळपासून झिंगल्यावाणी करायलीय, उभं केलं तर मागचे पाय आपटतात, तोंडाला फेस आलाय. ढोरांचे डॉक्टर आलेत, इथंच आहेत. काय खाल्लं म्हणून विचारायलेत. मावशींनी परवा कुठल्या तरी शेतातून ज्वारीचे कोवळे फुटवे आणून घातले होते, ते ऐकून डॉक्टर म्हणाले की किराळ लागलं असावं. कापलेल्या धाटांना फुटलेले असे फुटवे खाऊन जनावर मरतं, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. डॉक्टर इंजेक्शन भरत होते.

"मावशी कपाळ बडवायल्यात," बायको म्हणाली. "म्हणतात, म्याच मारली. तुम्ही का फोन केला होता?"

हा तो क्षण. डॉक्टर तिथे उभे होते. मी एक वाक्य बोललो असतो, फोन त्यांच्याकडे दे म्हटलं असतं, तर त्यांनी निदान वेगळा विचार केला असता. शेळी वाचली असती असं मी म्हणत नाही. कदाचित नसती वाचली. पण मी त्या विचारानं गप्प बसलो नाही. मी गप्प बसलो कारण माझ्या डोळ्यांसमोर आमची गल्ली आली. टब बघायला थांबणारे लोक आले. सरांच्या गाडीनं मावशींची शेळी मारली. सरांनीच सांगितलं होतं, चालेल म्हणून. मला त्याची लाज वाटली, आणि लाजेपुढे शेळी मागे पडली.

"काही नाही," मी म्हणालो. "गाडी थोडी गरम झालीय, पोचायला उशीर होईल."

फोन ठेवल्यावर मी स्वतःची समजूत घातली, आणि समजूत घालण्यात मी तरबेज आहे. एका मिस्त्रीच्या बोलण्यावरून आपण डॉक्टरांना काय सांगणार? खात्री नसताना बोलू नये. महिनोन् महिने खात्री नसताना बोलत आलेल्या माणसाला त्या दिवशी खात्री हवी झाली. शिवाय, मी मनाशी म्हणालो, गाडी तर माझ्याजवळ आहे. टब रिकामा आहे. आता नव्यानं काही पोटात जायचा प्रश्न नाही. जे जायचं ते गेलंय, आता सांगून काय फरक पडतो?

साखरपुडा झाला. केळीच्या पानावर जेवलो. कुणाकुणाची मुलं दहावीला, त्यांचे बाप माझ्याभोवती बसून विचारत होते की लातूरला पाठवावं का, आणि मी सल्ले देत होतो. संध्याकाळी बायकोचा फोन आला. शेळी आडवी पडलीय, इंजेक्शनचा उपयोग नाही, पण पाणी पाजलं तर घोटभर घेते, मावशी मांडीवर डोकं घेऊन बसल्यात. पाणी पाजलं तर घेते, हे मी ऐकलं. कुठलं पाणी, हे मी विचारलं नाही. तेव्हाही नाही. मला बरं वाटलं की पाणी घेतेय म्हणजे धुगधुगी आहे.

बहिणीनं त्या दिवशी निघू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास मी लातुरात आलो. गाडी ठरल्या जागी लावली, सवयीनं खाली उतरून टब शोधू लागलो आणि एकदम हात आखडला. टब जागेवर नव्हता. प्लॉटच्या कोपऱ्यात ताजी माती उकरून सारखी केलेली दिसत होती आणि वर दगड ठेवले होते. दावं खुंट्याला तसंच होतं.

येताना अहमदपूरपासून मी एक वाक्य मनाशी घोळवत आलो होतो. मावशी, तुमची चूक नाही, फुटव्यांचं काही नाही, चूक माझी आहे. ते पुरतं पाठ झालं होतं. गरज पडली तर दुसरी शेळी घेऊन द्यायची, हेही ठरवलं होतं. लाज गेली तर जाऊ दे, निदान त्या बाईच्या डोक्यावरचं पाप तरी उतरेल. मी खरंच बोलणार होतो, एवढं माझ्याबद्दल कुणी मानलं तर मानावं.

मावशी खोलीतून बाहेर आल्या. हातात माझा हिरवा टब होता. राखेनं घासून, धुऊन, पदरानं पुसून लख्ख केलेला. डोळे सुजले होते. त्यांनी टब माझ्यापुढे धरला.

"घ्या सर. आता कुणासाठी ठेवू."

मी टब घेतला. "मावशी," मी म्हणालो, "ते फुटव्यांचं..."

"म्याच घातलं की ओ. माज्याच हातानं घातलं." त्या खाली बसल्या. "करडं दोन हुती पोटात. डाक्टर म्हनले, दोन. पोरीला अजून सांगितलं न्हाई. ती येईल तवा बगू."

मी पुन्हा तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, संशय नव्हता. माझे उपकार होते. आजवर मला कुणाच्याही डोळ्यांची एवढी भीती वाटली नाही.

"पन येक सांगते सर," त्या म्हणाल्या. "हाल न्हाई होऊ दिले तिचे. तुमची गाडी न्हवती दोन रोज, पन म्या आदीच कॅन भरून ठेवला हुता. पाच लिटरचा. येताल तवा येताल, असू द्यावं म्हनून. आजारी जीव हाय, तिला कशाला बोरचं खारं पाणी? घोट-घोट करून रातभर पाजलं. ग्वाड लागायचं तिला. शेवटचा घोट बी तुमच्याच पाण्याचा गेला."

लातुरात माणूस चांगलं पाणी टबात सोडून देत नाही, भरून ठेवतो. हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? माझ्याच गच्चीवर चार ड्रम आहेत.

मावशी उत्तराची वाट बघत होत्या. मी टब काखेत घेतला.

"बरं केलं, मावशी," मी म्हणालो, आणि घरात गेलो.